नाताळला आठवडा उरला: तारा, गोठा, माळा, झाड – आधी कशाला हात घालावा?

गव्हाणी | १७ डिसेंबर, सकाळी ७:४०

आजची धरून नेमक्या सात संध्याकाळी हातात आहेत, चोवीस तारखेला सगळं जागेवर हवं. गाव लहान, चर्चही लहान. कामाला सहा-सात माणसं, तीही दिवसभराचं आपापलं उरकून येणार. करायचंय ते असं: दारावर टांगायला कामट्यांचा तारा, आत एका बाजूला गोठा (येशूजन्माचा देखावा), जागा साधारण दोन मीटर बाय सव्वा मीटर, मूर्ती वीस सेंटिमीटर उंचीच्या, अंगणात आणि दर्शनी भिंतीवर दिव्यांच्या माळा (गेल्या वर्षीच्याच आहेत), आणि एक झाड.

क्रम कसा लावावा? शक्य तिथे मापं आणि प्रमाणं द्या. 'व्हिडिओ बघा' नको, व्हिडिओत तारा तीन मिनिटांत होतो.

---

कामटीवाला | १७ डिसेंबर, सकाळी ८:२५

करायला किती वेळ लागतो ते मोजू नका, वाळायला किती लागतो ते मोजा. शेवटच्या दोन दिवसांत घोळ होतो तो हात कमी पडल्यामुळे नाही, ओल्यावर ओलं चढवल्यामुळे.

त्या हिशोबाने आज रात्रीच गोठ्याचा डोंगर (जाळीवर मातीत बुडवलेलं गोणपाट) ओला करून ठेवा, त्याला दोन-तीन दिवस लागतात. गोठ्यात खरं गवत हवं असेल तर गहूही आजच भिजत घाला. उद्या ताऱ्याचा सांगाडा, परवा कागद. माळा आज तपासायच्या, पण टांगायच्या २१-२२ला. तपासणी मात्र आजच, कारण नवीन आणायची वेळ आली तर २३ला उरलेल्यातली घ्यावी लागते. झाड कापलेलं आणणार असाल तर सगळ्यात शेवटी.

ताऱ्याचं सविस्तर रात्री लिहितो.

---

फेजन्यूट्रल | १७ डिसेंबर, सकाळी ९:०५

माळा तपासण्याबद्दल. गुंडाळी तशीच ठेवून प्लग लावून बघू नका. जमिनीवर पूर्ण उलगडा, आधी नुसत्या डोळ्यांनी वायर बघा (उंदरांनी कुरतडलेलं, खिळ्याने सोललेलं, होल्डरमध्ये हिरवट गंज), मग लावा आणि अर्धा तास चालू ठेवा. पहिल्या मिनिटाला पेटलेली माळ विसाव्या मिनिटाला गरम होऊन बंद पडते, हे शिडीवर चढल्यानंतर कळण्यात अर्थ नाही.

माळेचा एकच तुकडा अंधारात असेल तर घाबरू नका. माळा एकसरीत, म्हणजे सीरीजमध्ये जोडलेल्या असतात आणि लांब माळेत असे दोन-तीन सर असतात. एका सरातला एक दिवा होल्डरमधून ढिला झाला की तेवढा सर जातो. प्लग काढा आणि त्या तुकड्यातला एकेक दिवा दाबून बघा. दहातल्या सहा-सात माळा इथेच सुटतात.

---

मोरपंखी | १७ डिसेंबर, सकाळी १०:१०

@फेजन्यूट्रल, जुन्या तारेच्या बारीक बल्बांच्या माळेत एक बल्ब उडाला तरी बाकीचे चालू राहतात. मग ती सीरीज कशी?

---

फेजन्यूट्रल | १७ डिसेंबर, सकाळी १०:५०

सीरीजच आहे. त्या बल्बच्या आत, पेटणाऱ्या तारेच्या खाली, दोन खांबांना वेढे दिलेली आणखी एक बारीक तार दिसेल. तिच्यावर ऑक्साइडचा थर असतो, म्हणून एरवी तिच्यातून वीज जात नाही. वरची तार तुटली की पूर्ण व्होल्टेज त्या एका बल्बवर येतं, थर फुटतो आणि खालची तार वाट मोकळी करून देते. बल्ब मेला तरी सर जिवंत. बल्ब होल्डरमधून बाहेर आला किंवा पाय वाकून टेकला नाही तर मात्र ही सोय कामाची नाही.

यातच एक खोच आहे. समजा २३० व्होल्टवर शंभर बल्ब, प्रत्येकाच्या वाट्याला २.३ व्होल्ट. पाच मेले की उरलेल्या पंचाण्णवांना सुमारे २.४२. वाढ पाचच टक्क्यांची, पण अशा बल्बचं आयुष्य तेवढ्याने जवळपास निम्मं होतं. मग सहावा, सातवा, आणि एका रात्रीत सगळी माळ. म्हणून मेलेले बल्ब लगेच बदला, 'बाकीचे चालतायत ना' म्हणून सोडू नका.

एलईडीची थेट मेनवर चालणारी माळ लांब पडते म्हणून मधून कापून परत जोडणाऱ्यांना दोन्ही हात जोडून विनंती: कापू नका. दिवे कमी, प्रत्येकावर भार जास्त, पुढचं सांगायला नको. जास्तीची लांबी मागे वळवून दोन पदरी करा.

---

कामटीवाला | १७ डिसेंबर, रात्री ९:३०

आता तारा. साठ सेंटिमीटरचा धरून सांगतो.

कामट्या दहा. पाचांचा पुढचा तारा, पाचांचा मागचा. प्रत्येक कामटी ६२ सेंटिमीटर कापा, दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर गाठीत जातो. रुंदी बोटाएवढी नको, आठ मिलिमीटर पुरे. जाडी दोन-अडीच मिलिमीटर. बांबूचं पेर नेमकं टोकाशी किंवा छेदाच्या जागी येऊ देऊ नका, तिथे कामटी वाकत नाही, मोडते.

बांधायला बसण्याआधी पेन्सिलीने खुणा. कामट्या एकमेकींना छेदतात ती जागा टोकापासून लांबीच्या ०.३८२ पट असते. ६०ला म्हणजे एका टोकापासून २२.९ आणि ३७.१ सेंटिमीटर. ९० सेंटिमीटरच्या ताऱ्याला ३४.४ आणि ५५.६. अंदाजाने बांधलेला तारा एका पायाने लंगडा का दिसतो, तर खुणा नसतात म्हणून. या मापात अर्धा सेंटिमीटर चुकला तरी लांबून कळतं.

कामट्या विणत जा, एकीच्या वरून, पुढचीच्या खालून. विणलेला तारा गाठ मारायच्या आधीच स्वतःला धरून राहतो. गाठीला सुती दोरा, नायलॉन सरकतो. एका ताऱ्याच्या पाच टोकांच्या आणि पाच छेदांच्या मिळून दहा गाठी, दोन्हींच्या वीस. मग दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाच टोकं बांधा, पण सैल. आता आतल्या पाच छेदांत, पुढच्या आणि मागच्या ताऱ्याच्या मध्ये, बारा सेंटिमीटरचे पाच टेकू उभे करा. तारा पोटात फुगतो आणि टोकं किंचित आत ओढली जातात. म्हणूनच टोकाच्या गाठी सैल ठेवायच्या आणि टेकू बसल्यावर आवळायच्या. आधी घट्ट आवळल्या तर टेकू घालताना कामटी पेरात कडकन जाते.

टेकू पंधरा-सोळाचा करून तारा अजून गुबगुबीत करायचा मोह होतो. साठच्या ताऱ्याला बाराच ठेवा.

---

रेवती_क | १८ डिसेंबर, सकाळी ७:५५

कामटीवाला काका, अगदी शिस्तशीर! कागदाचं मी लिहिते.

खळ: ५० ग्रॅम मैदा, ३०० मिलिलिटर पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सारखं ढवळत चार-पाच मिनिटं. पांढरट रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. उकळत्या पाण्यात कोरडा मैदा टाकला की गुठळ्या होणारच, मग त्या कागदाखाली खड्यांसारख्या दिसतात. चिमूटभर तुरटी घातली तर खळ जरा उशिरा आंबते, तरी दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नका.

तुकडे एकूण बावीस: पुढे पाच त्रिकोण आणि मधला पंचकोन, मागे तेवढेच, आणि कडेचे दहा निमुळते त्रिकोण. कागद हिशोबाने कापू नका, टेकू बसल्यावर मापं हलतात. सांगाडा कागदावर टेकवून आखा, चारही बाजूंनी एक सेंटिमीटर जास्त ठेवा, तो कामटीवरून वळवून चिकटवायचा. खळ कामटीला लावा, कागदाला नाही. ओला पतंगी कागद बोटाच्या नखाने फाटतो.

कागद सैल वाटला तर ओढाताण नको. सगळं वाळल्यावर लांबून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. वाळताना कागद स्वतःच ताणला जातो आणि ढोलकीसारखा वाजतो. गडद लाल आणि निळ्या कागदावर हा प्रयोग आधी तुकड्यावर करा, रंग उतरतो.

खालच्या दोन पायांमधले कडेचे दोन त्रिकोण लावायचेच नाहीत. तिथून दिवा बदलता येतो आणि उष्णता बाहेर पडते.

---

दिगूभाऊ | १८ डिसेंबर, सकाळी ९:२०

खळ वगैरे कशाला, ग्लू गन घ्या, अर्ध्या तासात काम खलास.

---

रेवती_क | १८ डिसेंबर, सकाळी ९:३५

टेकूंना ग्लू गन चालेल. कागदाला नको. गरम गोंदाचे उंचवटे आतून दिवा लावल्यावर काळ्या अळ्यांसारखे दिसतात, आणि उन्हात गोंद मऊ पडून कागद सुटतो.

---

फेजन्यूट्रल | १८ डिसेंबर, सकाळी ११:४०

ताऱ्यात पाच ते सात वॅटचा एलईडी, पिवळसर (२७०० केल्व्हिन). दिवा मधोमध लटकला पाहिजे, कागदाला टेकता कामा नये. एलईडी पुढून गार लागतो, पण त्याचं बूड तापतं, म्हणून वरून होल्डर कागदाने गुंडाळू नका. जुना तारेचा चाळीस-साठ वॅटचा बल्ब कागदी ताऱ्यात अजिबात नाही.

आणि ताऱ्याचं वजन वायरीवर नको. दोरी वेगळी, वायर वेगळी, वायर दोरीपेक्षा वीतभर सैल. खालच्या एका पायाला दुसरी बारीक दोरी बांधून भिंतीकडे ओढून घ्या, नाहीतर तारा वाऱ्यात गोल फिरत राहतो आणि वायरीला पीळ पडतो. तारा दुप्पट मोठा केला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, कारण जोर लांबीवर नाही, कागदाच्या क्षेत्रफळावर असतो. उघड्या जागी नव्वद सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नका.

---

साधासुधा | १८ डिसेंबर, दुपारी २:१५

पाच टोकांऐवजी तो सगळीकडून काटे आलेला गोल तारा करता येईल का? हेर्नहूटचा म्हणतात तो.

---

कामटीवाला | १८ डिसेंबर, दुपारी ३:००

येईल, पण या वर्षी नाही. तो तारा जर्मनीतल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत, १९व्या शतकात, भूमितीच्या तासासाठी निघाला. आतला गाभा १८ चौकोन आणि ८ त्रिकोणांचा. एक चौकोन टांगायला मोकळा, म्हणजे १७ चौकोनी आणि ८ त्रिकोणी, मिळून २५ टोकं. प्रत्येक टोक वेगळं कापा, दुमडा, चिकटवा, वाळवा. सहा माणसांत दोन संध्याकाळी त्यातच जातील आणि गोठा तसाच राहील.

---

मातीकाम | १८ डिसेंबर, रात्री ८:१०

गोठ्याकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहितोय. काल रात्री डोंगर ओला केला नसेल तर आज करा, उद्यावर ढकलू नका.

खाली खोकी किंवा लाकडी पट्ट्या, वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, तिच्यावर मातीच्या घोळात बुडवलेलं गोणपाट. घोळ: चाळलेली चिकणमाती तीन भाग, लाकडाचा बारीक भुसा एक भाग, पाणी इतकंच की घोळ हाताला जाडसर चिकटून राहील. भुसा वगळला की भेगा पडतात, कारण नुसती माती वाळताना आकसते आणि तिला धरायला आत काही नसतं. गोणपाट पिळून मग पसरा. निथळतं पसरलं तर तीन दिवसांचे पाच होतात आणि खालची खोकी भिजून डोंगर बसतो. पंखा दुरून लावा. हीटर किंवा हॅलोजन समोर ठेवला की वरचा थर आधी आकसून तडकतो.

वेळ उरलाच नाही तर खाकी कागद चुरगळून, उलगडून, पुन्हा चुरगळून जाळीवर टाकायचा आणि वरून मातकट रंगाचा फवारा. तासाभरात तयार. जवळून कागद वाटतो, चार पावलांवरून डोंगर.

प्रमाण सांभाळा. मूर्ती वीस सेंटिमीटर तर गोठ्याचं दार पंचवीस. मागची घरं पाच-सात सेंटिमीटरची केली की दोन मीटरच्या जागेत खोली वाटते. मूर्तीएवढीच घरं मागे ठेवली तर सगळं देखावा न राहता दुकानाची मांडणी होते.

गहू: ३० बाय २० सेंटिमीटरच्या ताटाला मूठ-दीड मूठ, साधारण ७५ ग्रॅम. दहा-बारा तास भिजवून ओल्या फडक्यावर एकच थर. दाण्यावर दाणा आला आणि तळाशी पाणी साचलं की बुरशी ठरलेली. दोन दिवस झाकून, मग उजेडात, रोज फक्त शिंपडा. फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये हे गहू ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी पेरतात, म्हणजे तीन आठवडे मिळतात. तुम्हाला सातच दिवस आहेत, म्हणून ताट उबेला ठेवा. आणि चोवीसला कात्रीने दोन-तीन सेंटिमीटरवर कापा. आठ सेंटिमीटरच्या गवतात मेंढ्या बुडतात, नुसते कान दिसतात.

---

मोरपंखी | १९ डिसेंबर, सकाळी ८:३०

गोठ्यात झरा वाहता ठेवायचा आहे. मत्स्यालयाचा छोटा पंप चालेल?

---

मातीकाम | १९ डिसेंबर, सकाळी ९:१५

चालेल, पण झऱ्याखाली प्लॅस्टिकची पन्हळ डोंगर बांधतानाच घालावी लागते. मातीवरून सोडलं तर तासाभरात चिखल. पंप कोरडा चालला की जळतो, आणि उघडं पाणी रोज उडून जातं. रोज पाणी भरणारं माणूस आधी ठरवा, मग पंप घ्या. माझं मत विचाराल तर आरशाचा तुकडा आणि कडेला वाळू. आवाजही नाही, प्रार्थनेच्या वेळी पंपाची घरघर फार जाणवते.

पेंढ्याजवळ मेणबत्ती नाही, कितीही सुंदर दिसली तरी. गोठ्याच्या छपराखाली, गव्हाणीच्या मागे एक लहान पिवळसर एलईडी लपवा. लुकलुकणारी माळ गोठ्यात नको. नजर बाळावर ठरत नाही.

---

साधासुधा | १९ डिसेंबर, सकाळी ११:००

मूर्ती मांडण्याबद्दल. बाळ येशू २४च्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचा नाही, तोवर नुसता पेंढा. बाळाच्या भेटीला येणारे तीन राजे ६ जानेवारीला पोचतात. तेव्हा त्यांना आत्ता डोंगराच्या टोकाला ठेवा आणि रोज वीतभर पुढे सरकवा. म्हणजे डोंगरावर त्यांच्यासाठी वाट सोडायला हवी, ती माती ओली असतानाच दाबून घ्या.

अवांतर: ‘तीन’ हा आकडा शुभवर्तमानात नाही. मत्तय फक्त पूर्वेकडचे ज्ञानी म्हणतो. देणग्या तीन (सोने, ऊद, गंधरस), म्हणून माणसं तीन मानली गेली. बैल आणि गाढवही तिथे नाहीत. लूक गव्हाणीचा उल्लेख करतो. बैल-गाढव आलेत ते जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातल्या ओळीवरून. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावी गोठा मांडला त्यात गव्हाण, पेंढा आणि जिवंत बैल-गाढव होते. मूर्ती कमी पडल्या तर काळजी नको, बैल-गाढव आणि गव्हाण एवढ्यावर काम भागतं याला आठशे वर्षांचा दाखला आहे.

---

दिगूभाऊ | १९ डिसेंबर, दुपारी १२:४०

आणखी एक अवांतर. आजच्या तारखेला धरून आहे म्हणून. १७ ते २३ डिसेंबर रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत एक अशी सात आळवणी आहेत. लॅटिनमध्ये प्रत्येकीची सुरुवात ‘ओ’ने. त्यांच्या पुढच्या शब्दांची आद्याक्षरं शेवटाकडून वाचली की ‘एरो क्रास’ होतं, म्हणजे ‘उद्या मी असेन’. शेवटची २३ला, उद्या म्हणजे २४. फलक लिहिणारं कोणी असेल तर रोज एक ओळ लिहिता येईल.

---

हिरवाई | २० डिसेंबर, सकाळी ८:००

झाडाचं थोडक्यात. कापलेलं आणलंत तर स्टँडमध्ये बसवण्याआधी बुंध्याचा दोन-अडीच सेंटिमीटरचा काप आडवा, सरळ काढा. जुन्या कापावर राळ साकळून पाण्याची वाट बंद झालेली असते. काप काढल्यावर काही तासांच्या आत पाण्यात. बुंधा स्टँडमध्ये मावत नाही म्हणून साल तासून बारीक करू नका, पाणी सालीलगतच्याच थरातून वर चढतं. साखर, गोळी, काही घालायचं नाही, साधं पाणी. पहिल्या दिवशी झाड बादलीभरही पिऊ शकतं. पाणी एकदा कापाच्या खाली गेलं की पुन्हा राळ साकळते आणि मग कितीही ओता.

कुंडीतला अरॉकेरिया (नाताळला ठेवतात ते सूचिपर्णी झाड) असेल तर फांद्यांना जड गोळे नकोत, त्या वाकतात आणि परत उठत नाहीत. शेंड्यावर तारा खोचू नका. शेंडा मोडला तर झाड पुन्हा तसं सरळ वाढत नाही. तारा मागे काठी रोवून तिच्यावर बांधा.

---

गव्हाणी | २२ डिसेंबर, सकाळी ६:५०

सगळ्यांचे आभार, क्रम जमला. एक अडचण: काल अंगणातल्या माळा लावल्या. रात्रभर ठीक, पहाटे पाचच्या सुमारास आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) उडतो. नऊ वाजता परत चढवला की राहतो. जोड सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले आहेत.

---

फेजन्यूट्रल | २२ डिसेंबर, सकाळी ७:२०

पिशव्याच काढा. पहाटे दव पडतं, पिशवीच्या आत ओल धरते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की आरसीसीबी उडतो, तेच त्याचं काम आहे. त्याला बगल देऊन थेट जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

जोड जमिनीपासून गुडघाभर वर घ्या, तोंड खाली. वरून पालथं घमेलं किंवा डबा, तळ उघडा. जोडाच्या अलीकडे वायरीला खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. तरीही उडला तर पहाटे, ओल असतानाच, एकेक माळ काढून बघा. नऊ वाजता शोधून काही सापडणार नाही.

एक्स्टेन्शन रीळ वापरत असाल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतच कोंडते, वरचा पदर गार लागतो आणि आतला वितळलेला असतो. रात्री अकराला बंद होणारा टायमर लावलात तर पहाटेचा प्रश्न निम्मा तिथेच मिटेल.

---

गव्हाणी | २३ डिसेंबर, सकाळी ७:०५

झोल आणि घमेली केली, पहाटे उडला नाही. शेवटचं: तारा पुढच्या वर्षासाठी जपून कसा ठेवायचा?

---

रेवती_क | २३ डिसेंबर, सकाळी ७:४०

६ जानेवारीनंतर उतरवलात की कागद सगळा फाडून काढा आणि कामट्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. खळ राहिली की झुरळं आणि उंदीर येतात, आणि खळीबरोबर दोराही खातात. टेकू काढून दोन्ही तारे सपाट करा, भिंतीला खिळ्यावर टांगा. टेकू पाचही एका दोऱ्यात ओवून त्याच खिळ्याला, नाहीतर पुढच्या डिसेंबरात चारच सापडतात.